हावेलीनाच्या शिकारीचा पहिला बेत : दक्षिण ॲरिझोना, फेब्रुवारी

रानवाट | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

चँडलरला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन ओरॅकलच्या बाजूला डोंगरात भटकायला गेलो होतो. कोरड्या ओढ्यातून चालताना आधी वास आला. उग्र, कुबट, जुन्या ओल्या गोणपाटासारखा. मग समोरच्या फड्या निवडुंगामागून एकेक करत नऊ हावेलीना (डुकरासारखं दिसणारं इथलं रानटी जनावर) बाहेर आल्या. करडे राठ केस, गळ्याभोवती फिकट पट्टा, आणि पाय इतके बारीक की ते अंग त्यावर कसं पेलतं कोण जाणे. वीस पावलांवरून गेल्या, पण एकीनेही आमच्याकडे पाहिलं नाही. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता हे मला घरी आल्यावर उमगलं.

माझे आजोबा गुहागरकडे भाताची राखण करायला माळ्यावर झोपायचे. घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. १९७२ चा कायदा आला आणि शिकार थांबली, ते योग्यच झालं. पण माग काढायची, वारा बघायची त्यांची सवय वडिलांकडे आली, आणि वडिलांबरोबर रानात हिंडून थोडीशी माझ्याकडेही.

इथे शिकार कायदेशीर आहे, परवाना मिळतो, आणि वर्षभर मी रेंजवर नेमाने सराव करतोय. येत्या फेब्रुवारीत रायफलने जायचं मनात आहे. कागदपत्रं कशी, जागा कुठली निवडावी, एकट्याने जावं की सोबत हवी, मांसाचं पुढे काय करायचं, ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा. वेळ आहे, सावकाश लिहा.

सगुआरो | ७ सप्टेंबर, रात्री ११:१५

रानवाट, वेळ आहे असं समजू नका. वसंत ऋतूच्या ड्रॉचा, म्हणजे टॅगांच्या सोडतीचा, अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतो. टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना. ती तारीख चुकली तर ड्रॉत न गेलेले उरलेसुरले टॅगच हाती लागतात.

मी टूसॉनला वीस वर्षं आहे, त्यातली चौदा वर्षं हावेलीनाच्या मागे हिंडतोय. क्रम असा. आधी ॲरिझोना गेम अँड फिश खात्याचं हंटिंग लायसन्स काढा, त्याशिवाय ड्रॉचा अर्जच भरता येत नाही. रहिवाशाचे दर लागण्यासाठी राज्यात सलग सहा महिने वास्तव्य हवं, ते तुमचं आहेच. मग अर्ज. एका अर्जात पाच पसंती देता येतात आणि चार जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो. पहिल्या दोन पसंती विचार करून भरा, कारण सोडत निघताना आधी त्याच बघितल्या जातात. तिसरी ते पाचवी शेवटच्या फेरीत.

हंगाम तीन तऱ्हांचे. जानेवारीत धनुष्यबाणवाल्यांचा. मग फेब्रुवारीत ज्याला इथे 'हॅम' म्हणतात तो, म्हणजे पिस्तूल, धनुष्य किंवा तुमच्या आजोबांसारखी ठासणीची बंदूक. आणि त्यानंतर जनरल, ज्यात रायफल चालते. नवख्याने जनरलच भरावा. धनुष्याने तीस पावलांवर जाणं ही वेगळी तपश्चर्या आहे.

जागेबद्दल उद्या लिहितो, ते दोन ओळींत होणारं नाही.

रिओग्रांडे | ८ सप्टेंबर, सकाळी ७:०५

आमच्या टेक्सासात ड्रॉची भानगड नाही, लायसन्स काढलं की झालं. पण दक्षिण टेक्सासातली बहुतेक जमीन खाजगी. रँचवाल्याला पैसे मोजल्याशिवाय पाय ठेवायला मिळत नाही, आणि शिकार बहुधा मचाणावर बसून, खाली मका टाकून. सार्वजनिक जमिनीवर पायी हिंडून, शोधून करायची असेल तर ॲरिझोनाच. मी दोन्ही केलंय.

आणि एक. याला डुक्कर म्हणू नका. दिसतं तसं, पण कुळ वेगळं, याचं नाव पेकरी. डुकराचे वरचे सुळे बाहेर वळून वर जातात, याचे सरळ खाली येतात आणि खालच्या सुळ्यांवर घासून सुरीसारखे धारदार राहतात. मागच्या पायाला तीनच बोटं. टेक्सासात मोकाट फिरणारी डुकरं बाहेरून आणलेली, ती हवी तेवढी मारा म्हणतात. हावेलीना इथलीच. एकेकाळी हातमोजे आणि ब्रशांसाठी तिच्या कातड्यांचा एवढा धंदा झाला की टेक्सासाने १९३९ मध्ये तिला संरक्षित शिकारीच्या प्राण्यांत घातलं. शेतात घुसलेलं डुक्कर आणि ही, दोघांकडे एका नजरेने बघून चालत नाही.

सगुआरो | ८ सप्टेंबर, रात्री १०:३०

जागा. तुम्हाला तीन युनिटं, म्हणजे खात्याने आखलेले शिकारीचे विभाग, सुचवतो. २४अ म्हणजे ग्लोबच्या आजूबाजूचा डोंगराळ भाग, चँडलरहून सगळ्यात जवळ. ३३ म्हणजे कॅटालिना आणि रिंकॉनचे डोंगर, ओरॅकलची बाजू यातच येते, तुमचा कळप बहुधा इथलाच. आणि ३६ब, ट्युमाकाकोरी ते आरिवाका, पार मेक्सिकोच्या सीमेपर्यंत.

३३ मध्ये सगुआरो नॅशनल पार्कचा पूर्व भाग येतो आणि तिथे शिकारीला पूर्ण बंदी आहे. हद्द कुंपणाने आखलेली नसते सगळीकडे. फोनवर जमिनीच्या मालकीचा नकाशा दाखवणारं ॲप घ्या आणि नकाशा आधी डाउनलोड करा, डोंगरात रेंज मिळत नाही. कोरोनाडो नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची (फेडरल सरकारच्या जमीन खात्याची) जमीन सगळ्यांना खुली. स्टेट ट्रस्टच्या जमिनीवर एरवी परवाना लागतो, पण हंगामात लायसन्स घेऊन शिकार करणाऱ्याला वेगळा लागत नाही. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर, म्हणजे तोहोनो ओओधम किंवा सॅन कार्लोस अपाचे, राज्याचा टॅग चालत नाही. चुकून शिरलो हे कारण कुणी ऐकून घेत नाही आणि घेऊही नये.

वस्तीत असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत, घरमालकाच्या परवानगीशिवाय, गोळी झाडायची नाही. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत असा तंबू ठोकायचा नाही की जनावरांचं पाणी अडेल. ट्रेल कॅमेरे लावून शिकार करायला ॲरिझोनात २०२२ पासून बंदी आहे, दुकानात कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती ३३. तुम्ही तिथे हिंडलेला आहात. अनोळखी चांगल्या डोंगरापेक्षा ओळखीचा साधा डोंगर बरा.

अबोली | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होते. फीनिक्सच्या उत्तरेला आमच्या घरामागे हावेलीना येतात. उन्हाळ्यात पिल्लं असतात, तांबूस रंगाची, आईच्या पोटाखालून चालणारी. त्यांना मारायचं कशासाठी हे मला खरंच कळत नाही. पोट भरायला दुकानं आहेत. तुमच्यावर टीका करायची नाही, पण उत्तर मिळालं तर बरं वाटेल.

रानवाट | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

अबोलीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी स्वतःला हा प्रश्न वर्षभर विचारतोय.

आम्ही घरात मटण, चिकन खातो. ते जनावर कुठे वाढलं, कसं मेलं, याचा आम्हाला पत्ता नसतो. लेक बारा वर्षांची आहे, तिने एकदा विचारलं की बाबा, हे कुणी मारलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोकळ्या रानात जगलेलं एक जनावर मी स्वतः, शक्य तितक्या नेमक्या गोळीने मारलं, स्वतः सोललं आणि घरी सगळ्यांनी खाल्लं, तर त्या प्रश्नाला मी तोंड देऊ शकेन असं वाटतं. तुम्हाला हे पटावं असा हट्ट नाही.

सगुआरो | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

अबोलीताई, थोडी भर. किती टॅग द्यायचे हे खातं कळपांची मोजणी बघून दर हंगामाला, दर युनिटला ठरवतं. लायसन्स आणि टॅगचा पैसा वन्यजीवांच्या कामातच जातो. पिल्लं वर्षभरात कधीही होतात, पण सगळ्यात जास्त उन्हाळी पावसाच्या सुमारास. म्हणून फेब्रुवारीत एवढीशी तांबडी पिल्लं त्या मानाने कमी दिसतात. तरी पिल्लू असलेली मादी सोडायची, हा आमचा नियम. खात्याचा नाही, आमचा.

घरामागे येतात त्यांना खायला घालू नका एवढीच विनंती. तुमच्या मॅरिकोपा काउंटीत आणि आमच्या पिमात ते कायद्यानेही मना आहे. माणसाच्या हातचं खाऊन धीट झालेल्या हावेलीना कुत्र्यांशी भिडतात आणि शेवटी त्यांनाच मारावं लागतं.

अबोली | १० सप्टेंबर, सकाळी ८:१०

खायला घालत नाही. पक्ष्यांचे दाणे सांडतात तेवढे, तेही आता उचलेन. उत्तराबद्दल दोघांचे आभार. मी वाचत राहीन.

नवाकोरा | १४ सप्टेंबर, रात्री ११:४५

रानवाट दादा, मला सोबत यायला आवडेल. टेम्पीला असतो, दोन वर्षं झाली, एच-१बी वर आहे. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी केली होती. मला रायफल हाताळता येते का, म्हणजे कायद्याने?

कलमदान | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

नवाकोरा, हे नीट वाच आणि कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

एच-१बी, एफ-१, एल-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावर आत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. विकत घेणं तर दूरच, मित्राची रायफल हातात धरणं किंवा काडतुसांचा डबा पिशवीत ठेवणं हेही त्यातच येतं. हा फौजदारी गुन्हा आहे आणि व्हिसावर असणाऱ्याचं तर त्यात सगळंच पणाला लागतं.

त्याला काही अपवाद आहेत. तुझ्या कामाचा एकच : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं कायदेशीर, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स तुझ्या नावावर असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे लायसन्स आधी, रायफलला हात नंतर. मुदत संपली की अपवादही संपला. आणि स्टेटस गेलेलं असेल तर हा अपवाद मिळतच नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. धनुष्यबाण या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नव्हे.

लायसन्स काढलंस तरी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोल. अर्ध्या तासाची फी जाईल, जाऊ दे.

नवाकोरा | १५ सप्टेंबर, दुपारी १२:१०

बापरे. गेल्या वर्षी मित्राबरोबर रेंजवर जायचं ठरलं होतं, आयत्या वेळी रद्द झालं. सुटलो म्हणायचं. कलमदान, मनापासून धन्यवाद. लायसन्स काढतो, वकिलाशी बोलतो. यंदा मात्र दुर्बीण धरायला येईन, रायफल नको.

कलमदान | १५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

शहाणा आहेस. आणि रानवाट, ३६ब निघालं तर आरिवाकाच्या रस्त्यावर आणि आय-१९ वर बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात. सगळ्यांनी मूळ कागद जवळ ठेवायचे, फोनमधला फोटो नव्हे.

काजूबोंड | २१ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी देवरुखजवळ असतो. धागा एका दमात वाचला. आमच्याकडे भात पोटरीला आलंय आणि रानडुकरांनी बांधाकडच्या दोन वाफ्यांत लोळण घेतलीय. आम्ही रात्री पत्र्याचे डबे वाजवत बसतो. तुमच्याकडे शेतीचं नुकसान करते का ही?

सगुआरो | २१ सप्टेंबर, सकाळी ८:२५

तुमच्यासारखं नाही, काजूबोंड. तिचं पोट मुख्यतः फड्या निवडुंगावर चालतं. काट्यांसकट खाते, आणि पाणीही बरंचसं त्यातूनच मिळतं. शिवाय घायपाताचे गड्डे, मुळं, मेस्कीटच्या शेंगा. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. नुकसान होतं ते बागांचं आणि हिरवळीचं. २०२३ मध्ये सेडोनाच्या एका गोल्फ कोर्सची हिरवळ किडे-मुळांसाठी अशी उकरली होती की नांगर फिरवल्यासारखी. तुमच्या रानडुकरापुढे ही अगदीच लहान, पंधरा ते पंचवीस किलो.

रानवाट | १२ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

निघाला! युनिट ३३, जनरल, फेब्रुवारीच्या अखेरीस. पहिलीच पसंती. घरात पेढे नव्हते, लेकीने गूळ वाटला.

आता तयारी. दुर्बीण कितीची घ्यावी? आणि माझी .२४३ रायफल पुरेल ना?

सगुआरो | १२ नोव्हेंबर, रात्री ८:००

अभिनंदन! .२४३ भरपूर झाली. खर्च करायचा तो दुर्बिणीवर आणि त्याहून ट्रायपॉडवर. १०×४२ ची दुर्बीण ट्रायपॉडवर बसवली की हातातल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा तिप्पट दिसतं. हात थरथरतो तेव्हा करड्या दगडांतली करडी पाठ हलली तरी समजत नाही.

ही सगळी शिकार बसून बघण्याची आहे. हावेलीनाच्या अंगावर चरबी कमी, केस विरळ, थंडी तिला सोसत नाही. फेब्रुवारीत रात्री पाणी गोठतं. पहाटे कळप एकमेकांना चिकटून पडलेला असतो आणि सूर्य वर आला की पूर्वेच्या, दक्षिणेच्या उतारांवर उन्हाला येतो. तुम्ही उजाडायच्या आत समोरच्या टेकडीवर जाऊन बसा आणि ऊन जसजसं उतारावरून खाली सरकेल तसतशी त्याच्या कडेने दुर्बीण फिरवा. घाईने सगळा डोंगर बघू नका. एक झुडूप, मग दुसरं झुडूप. बघून झालेला उतार पुन्हा बघा, पहिल्यांदा नसलेला दगड दुसऱ्यांदा तिथे असतो.

दिसल्या की मग वारा. डोळ्यांनी त्या अधू आहेत, कान बरे, नाक तिखट. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, चिमूटभर उडवली की कळतं. वारा चुकला तर शंभर मीटरवरून जातील, बरोबर असला तर तीस मीटरवर जाऊन बसाल. बिचकल्या तर 'हुफ्' करतील, सुळे कटकट वाजवतील आणि चहूबाजूंना पळतील. एखादी तुमच्याच अंगावर येईल. तो हल्ला नसतो, तिला दिसत नसतं. बाजूला व्हा.

घाईने गोळी झाडू नका. कळप दाटीने चरतो, एकीच्या मागे दुसरी असते. एकटी, आडवी, मोकळी उभी राहीपर्यंत थांबा. दोघींना लागली तर टॅग एकच आहे आणि ते पाप जन्मभर राहतं.

मीठभाकर | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मांस! त्यावर कुणी बोलतच नाही. माझे मिस्टर न्यू मेक्सिकोत असताना एका शेजाऱ्याने हावेलीनाचा पाय दिला होता. शिजवताना घरभर असा दर्प सुटला की टाकून द्यावा लागला. अजून वाईट वाटतं. चूक कुठे झाली असेल?

सगुआरो | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४०

मीठभाकर ताई, चूक तुमची नव्हती, सोलणाऱ्याची होती.

पाठीवर, शेपटीच्या वर वीतभर अंतरावर एक गंधग्रंथी असते. कळपातले एकमेकींना तिथे तोंड घासून ओळख ठेवतात. ती कातडीला चिकटलेली असते, मांसाला नाही. म्हणून ती कापायला किंवा काढायला जायचंच नाही. कातडी सोलली की तीही आपसूक निघते. घोटाळा होतो तो हाताने : केसांना, ग्रंथीला लागलेला हात किंवा सुरी तशीच मांसाला लागते. दोन सुऱ्या ठेवा, एक कातडीची आणि एक मांसाची. हातमोजे मध्ये बदला. आणि मांस लगेच गार करा. सावलीत टांगा, मग कापडी पिशवीत आणि कूलरमध्ये, बर्फाच्या पाण्यात बुडू न देता.

खाण्यायोग्य मांस रानात टाकून येणं कायद्यानेही गुन्हा आहे, हे नवख्यांनी लक्षात ठेवा. आणि पूर्ण शिजवा, आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस. रानटी मांसातले काही कृमी फ्रीझरमध्येही मरत नाहीत.

रानवाट | १९ जानेवारी, रात्री ८:२०

शनिवारी पाहणीला जाऊन आलो. मी, लेक आणि नवाकोरा. हावेलीना एकही दिसली नाही, पण माग सापडला. एका घळीत फड्या निवडुंगाची पानं अर्धवट खाल्लेली. कापल्यासारखी नाहीत, फाडलेली. कडेला पांढऱ्या चिवट दोऱ्या लोंबत होत्या, गोणपाटाच्या फाटक्या कडेसारख्या, आणि त्यांवर डिंकासारखा ओला चीक. नवाकोराने बोट लावून पाहिलं, अजून सुकला नव्हता. खाली घायपाताचा गड्डा उकरून ठेवलेला, आणि ओढ्याच्या वाळूत दोन बोटांचे गोलसर खूर, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे.

नवाकोराच्या पोटरीला चोया निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला. हाताने काढायला गेला तर तो हाताला. लेकीने दप्तरातून कंगवा काढला, दाते काट्यांखाली घालून एका झटक्यात उडवला. कंगवा न्या असं कुठेतरी वाचून ती स्वतःच घेऊन आली होती.

रिओग्रांडे | १९ जानेवारी, रात्री ९:१०

ओला चीक म्हणजे त्याच सकाळचा. कळप तिथेच आहे. यांचा मुलूख ठरलेला असतो, फार लांब जात नाहीत. आता हंगामापर्यंत त्या घळीत पाऊल टाकू नका.

लेकीला शाबासकी!

मीठभाकर | २० जानेवारी, सकाळी १०:००

धूळ फार उडत असेल तर मास्क लावा हो. व्हॅली फीव्हर या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी तिथल्याच मातीत असते. आमच्या ओळखीत एकांना दोन महिने खोकला होता, न्यूमोनिया समजून औषधं चालली होती. जाऊन आल्यावर ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो असं आपणहून सांगा.

रानवाट | २६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आजच परतलो. हात अजून दुखताहेत. जमेल तसं लिहितो.

शुक्रवारी रात्री गाडीजवळच तंबू. पहाटे बाटलीतलं पाणी वरून गोठलेलं. साडेपाचला निघालो, सहाला घळीसमोरच्या टेकडीवर बसलो. मी, लेक आणि नवाकोरा, तिघांच्या तीन दुर्बिणी. साडेआठपर्यंत काही नाही. एक कोयोटी आणि लांबवर दोन हरणं. बोटं बधिर झाली होती.

नऊला दहा कमी असताना लेक म्हणाली, "बाबा, त्या तीन सगुआरो निवडुंगांच्या डावीकडचा दगड हलला." मी तोच उतार दोनदा बघितला होता. पुन्हा पाहिलं. दगडाला कान होते. मग दुसरी, मग तिसरी. सात मोजल्या. उन्हात उभ्या राहून एकमेकींच्या पाठीला तोंड घासत होत्या.

लेक आणि नवाकोरा तिथेच थांबले, मी एकटा उतरलो. पावडर उडवली, वारा समोरून गालावर. चारशे मीटरच्या वाटेला सव्वा तास लागला. शेवटच्या टप्प्यात बूट काढले आणि मोज्यांवर गेलो, अजून एक काटा टाचेत आहे. साठ मीटरवर एका पालो व्हर्देच्या बुंध्यामागे बसलो. निवडुंग चावल्याचा आवाज येत होता, काकडी खाल्ल्यासारखा करकर.

सगळ्यात जवळची मोकळी होती, पण तिच्यामागे अर्ध्या उंचीचं पिल्लू होतं. सोडली. दुसरी आडवी होती, तिच्यापलीकडे तिसरीचं डोकं. थांबलो. घड्याळ बघितलं नाही, पण सावली पायावरून गुडघ्यावर आली तोवर थांबलो. मग एक थोराड हावेलीना बाजूला येऊन घायपात उकरायला लागली. एकटी, आडवी. गोळी खांद्यामागे. जागीच बसली, मग कलंडली. बाकीच्या हुफ् हुफ् करत उधळल्या, एक माझ्यापासून दोन हातांवरून गेली.

मी तिथेच बसून राहिलो थोडा वेळ. मग जवळ गेलो, मानेला हात लावला. केस वाटले होते त्याहून राठ, खाली अंग गरम. आजोबा काय करायचे ते वडील सांगत : शिकारीच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब. तेवढं केलं. मग टॅग लावला.

लेक खाली आली. मी तिला सांगितलं होतं की बघायचं नसेल तर वरच थांब. ती आली, शेजारी बसली आणि विचारलं, "दुखलं असेल?" मी म्हटलं, थोडा वेळ असेल. ती बरं म्हणाली नाही, काही म्हणाली नाही. मग मला हातमोजे काढून दिले, दुसरी जोडी, मांसाची.

सोलायला दोन तास लागले. ग्रंथी दिसली, भोवती तेलकट पिवळसर, वास नाकात बसला. सगुआरोकाका, तुम्ही सांगितलं तसंच केलं, कातडीबरोबर सुटून आली. मांसाला अजिबात वास नाही. तांबडं, कोवळं, चरबी नावापुरती. हाडं काढून सात किलो भरलं. पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणायला दुपारचे तीन वाजले.

अबोली | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

वाचलं. पिल्लू असलेली सोडलीत, ते वाचून थांबले थोडी. लेकीला माझा नमस्कार सांगा. तिचा प्रश्न माझाही होता.

सगुआरो | २७ फेब्रुवारी, सकाळी ८:००

पहिल्या खेपेला एवढं थांबता आलं, मला पहिली तीन वर्षं आलं नव्हतं. टाचेतला काटा आज काढा, उद्यावर ठेवू नका. चिमट्याने नाही निघाला तर कोमट पाण्यात पाय बुडवून.

मीठभाकर | २७ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

आता केलंत कसं ते लिहा. एकेक पायरी.

रानवाट | ४ मार्च, रात्री ९:२५

काल केलं, ताई. आईने फोनवर सांगितलं तसं. मांडीचे तुकडे आलं-लसूण, हळद, मीठ आणि दही लावून रात्रभर ठेवले. सुकं खोबरं आणि कांदा काळपट भाजून वाटण, मालवणी मसाला तिनेच पाठवलेला. मांसाला स्वतःची चरबी नाही म्हणून तेल नेहमीपेक्षा दीडपट. कुकरच्या चार शिट्ट्यांत दाताला लागत होतं, आणखी तीन दिल्या, मग मंद आचेवर अर्धा तास रस्सा आटवला.

घरभर वाटणाचाच वास होता, दुसरा कसलाच नाही. नवाकोरा आला होता, तांदळाची भाकरी त्याने थापली. लेकीने आधी एक तुकडा घेतला, मग ताट पुढे केलं.

मीठभाकर | ४ मार्च, रात्री ९:५०

सात शिट्ट्या. लिहून घेतलं.